पिवळ्या वेलाचं बूड

“सोड तिकडून, नेत्रा!”

“तूच सोड, स्नेहलअक्का! तुमच्याकडूनच आलाय तो.”

मधी कंपाउंडची उंच भिंत. भिंतीच्या तळाला पावसाचं पाणी जायला ठेवलेलं भोक. त्या भोकातून गेलेला एकच वेल, अन् त्याची दोन टोकं शेजारच्या दोन सुनांच्या हातात. नौबादच्या त्या गल्लीत असली रस्सीखेच कुणी बघितली नसंल. एकीला दुसरी दिसत नव्हती, नुसती धाप ऐकू यायली होती.

वेल म्हणजे तो पिवळ्या फुलांचा, जमिनीवर सतरंजीसारखा पसरणारा. दिसायला गोड, पण लई बिलंदर. जिथं पेर टेकलं तिथं मूळ धरायचा. स्नेहलची मेथी त्यानं गिळली, लसूण गिळला, आता वांग्याच्या गळ्यात पडला होता. तिनं खुरप्यानं तोडून उकिरड्यावर टाकला, तर उकिरडाच हिरवा झाला! शेवटी ती संतपूरला माहेरी गेली अन् शेतातला फवारणीचा पंपच घेऊन आली. तणनाशक भरून पंप वट्ट्यावर तयार होता.

ठरलं होतं असं. वेलाचं बूड ज्यांच्या बागेत निघंल, त्यांनी दोन्हीकडचा वेल काढायचा. न्हाई काढला तर स्नेहल भोकातून फवारणार. मग तिकडच्या दुर्वा जळोत न्हाईतर तुळस जळो.

“राहू दे की गं,” वट्ट्यावरून तिची सासू चांगुणाबाई म्हणल्या. “त्या घराच्या नादी लागू नगं.”

“कामून आत्याबाई, अजून त्या खिरीचाच राग?”

खिरीची गोष्ट साऱ्या गल्लीला माहीत होती. जनवाड्याहून येऊन त्यांनी इथं घर बांधलं, त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. त्यांनी भिंतीवरून शेजारच्या शारदाबाईंना, म्हणजे नेत्राच्या सासूला, खीर दिली. गरम खीर, कोरा स्टीलचा डबा, डब्यावर नाव कोरलेलं. डबा परत आलाच न्हाई. “डब्यासकट फेकली असंल,” चांगुणाबाई म्हणायच्या. कामून फेकली असंल, ते बोलून दाखवायची कुणाला गरज नव्हती. पुढं शारदाबाईंना चहा विचारला की उपास. सरबत विचारलं की उपास. “त्या बाईला बारा महिने एकादस,” असं म्हणून चांगुणाबाईंनी विचारणंच सोडलं. त्याला इतकी वर्षं झाली, की तवा पाटी घेऊन शाळेला जाणारा धम्मानंद आता स्नेहलचा नवरा होता.

“हललं!” भिंतीपलीकडून नेत्रा ओरडली. “अय्यो, बूड आमच्याच कोपऱ्यात आहे की!”

स्नेहलनं वेल सोडला. पंप पाठीला अडकवला, कुदळ घेतली अन् गेटातून पळत त्यांच्या बागेत गेली. भिंतीला लागून मनगटाएवढा गड्डा वर आला होता. तिनं कुदळ उगारली, तेवढ्यात घरातून शारदाबाई आल्या. म्हाताऱ्या बाई अनवाणी पळत आल्या अन् गड्ड्यावर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या.

“इथं खणायचं नाही.”

“ठरलंय काकू. तुमच्या सुनेनंच सांगितलं, बूड हितं हाय म्हणून.”

“नाही म्हणलं ना!”

“आई, असं काय करता?” नेत्रा चक्रावली. “हा वेल काढू देत नाही तुम्ही, बागेतल्या माळ्यालाही हात लावू देत नाही. काय आहे काय इथं?”

शारदाबाईंनी पाय आणखी घट्ट रोवले.

“मग मी फवारते,” स्नेहलनं पंपाची नळी धरली. “बाजूला व्हा काकू, अंगावर उडंल.”

शारदाबाई हलल्या न्हाईत. स्नेहलचा अंगठा खटक्यावर होता. तेवढ्यात मागून चांगुणाबाई आल्या. त्या गेटातून त्या कधीच आत आल्या नव्हत्या. त्यांनी सुनेच्या हातातली नळी हिसकली.

“येडी झालीस का? म्हाताऱ्या माणसावर औषध मारतीस? चल घरला!”

त्यांचा आवाज ऐकून शारदाबाई दचकल्या. एक पाय मागं सरकला. नेत्रानं तेवढ्यात गड्डा दोन्ही हातांनी धरला अन् सगळा जोर लावून उपटला. मुळांच्या जाळ्यात अडकून काहीतरी वर आलं अन् फरशीवर आपटलं. ठण्ण!

डबा होता. नेत्रानं पदरानं माती पुसली. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली. “चांगुणाबाई रामराव, जनवाडा,” तिनं वाचलं, अन् मग मान वर करायचं तिला धाडस झालं न्हाई.

चांगुणाबाईंनी डब्याकडं बघितलं. “पुरला व्हय,” त्या हळूच म्हणल्या. “फेकायला बी हात लावू वाटला नसंल.” त्या माघारी वळल्या.

“थांबा चांगुणाबाई!” शारदाबाईंचा आवाज चिरकला. “रिकामा डबा कसा परत देऊ? अन् काही भरून द्यायचं, तर आत न्यावा लागणार. माझ्या सासूबाई सोवळ्याच्या, नाव वाचणार. म्हणून पुरला, अन् दिसू नये म्हणून वर हा वेल लावला. लवकर पसरतो म्हणून. सासूबाई गेल्यावर काढायला आले, तर जागाच सापडेना. अन् तोवर तुम्ही बोलणं सोडलं होतं.”

चांगुणाबाई पाठमोऱ्याच थांबल्या.

“अन् खीर? खीर कुठं पुरली?”

शारदाबाई उपटलेल्या खड्ड्यापाशी खाली बसल्या.

“खीर कशाला पुरू? इथंच, भिंतीच्या आड बसून खाल्ली,” त्या म्हणल्या. “डबा बोटानं पुसून.”