पाच वर्षांची गॅरंटी

दुकानदाराने बाबांच्या घरगुती सर्व्हरची पेटी काउंटरवर उघडली, आतल्या दोन्ही हार्ड डिस्क बाहेर काढल्या आणि त्यातली एक बाजूला सारली. "ही गेली," तो म्हणाला. "दुसरीनं तग धरला म्हणून वाचलात. सगळं काढून ठेवलंय माझ्याकडे."

सगळं म्हणजे घरादाराचं सगळं. प्रत्येकाचे फोटो, व्हिडिओ, आईचं स्वयंपाकघरातलं गुणगुणणंसुद्धा बाबांनी वर्षानुवर्षं या पेटीत भरून ठेवलं होतं. डिस्क दोन अशासाठी, की एकीवर जे, तेच दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहे. बाबा हे आल्यागेल्याला समजावून सांगायचे आणि बिचाऱ्यांचा चहा गार व्हायचा.

"मग हिच्यात दोन नव्या टाकू का?" दुकानदाराने विचारलं.

"पेटी ठेवायची कुठे? घर विकलं," दादा म्हणाला. "एक मला द्या, एक यांना. वेगवेगळ्या पेट्यांत."

'यांना' म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण. ती शेजारीच उभी होती. आईच्या आजारपणात दोघांची बोलाचाली झाली आणि तेव्हापासून कामाशिवाय बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरून गेलं. घराच्या विक्रीने मध्यंतरी बरीच कामं पुरवली. सह्या, दलाल, जुनी कपाटं. आज सकाळी किल्ल्याही देऊन झाल्या. आता एवढंच काम उरलं होतं, आणि ते आटपूच नये असं तिला मनापासून वाटत होतं.

"एकेकटी डिस्क म्हणजे जिवावरचा खेळ हो," दुकानदार म्हणाला. "दोन्ही पेट्या नेटवरून जोडून देऊ का? रोज आपापसात जुळवून घेतील. तुम्हाला बोलायलासुद्धा नको."

"नको," दादा म्हणाला. "लागलंच तर मागून घेऊ एकमेकांकडून."

ते 'एकमेकांकडून' तिने झेलल्यासारखं धरून ठेवलं.

दुकानदाराने दोन तऱ्हेच्या डिस्क पुढे ठेवल्या. एक जड, सर्व्हरसाठीच बनवलेली, चोवीस तास चालणारी, पाच वर्षांची गॅरंटी. दुसरी हलकी, साधी. "ही कॉम्प्युटरला ठीक आहे. रात्रंदिवस राबवलीत तर दोनेक वर्षांत मान टाकेल. आधीही टाकेल, भरवसा नाही."

दादाने जड उचलली. तिने साधी.

"अगं, चांगली घे ना!" दादा एकदम तिच्याकडे वळला. दिवसभरात पहिल्यांदाच. "बंद पडली म्हणजे?"

"तुझ्याकडे आहेच की सगळं. फोन करीन तुला."

दादाने आपली जड डिस्क दुकानदाराकडे सरकवली. ती मात्र मनातून खूश होती. डिस्क बंद पडेल, मग फोन करायचा, मग तो म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? मग डिस्क घेऊन मी येऊ की तू येतोस, मग आलाच आहेस तर जेवूनच जा. काही बिघडावं म्हणून माणसाने इतकं आतुर व्हावं, याचं तिला स्वतःलाच हसू आलं.

डिस्क भरायला दुपार जाणार होती. दादाची पेटी कुरिअरने जाईल, तिची तिने संध्याकाळी न्यावी, असं ठरलं. दोघं बाहेर पडली. चार पावलांवर दादा थबकला, "पाण्याची बाटली राहिली," म्हणाला आणि परत दुकानात गेला. आला तेव्हा हातात बाटली होती. रिक्षात बसता बसता तो "येतो" म्हणाला. तिला की रिक्षावाल्याला, ते कळलं नाही.

संध्याकाळी दुकानदाराने पेटी तिच्या हातात ठेवली.

"जड लागतेय," ती म्हणाली.

"लागणारच! तुमचे भाऊ बाटलीचं निमित्त करून आले होते ना परत. म्हणाले, साधी नको, भिंगरीला चांगलीच द्या, आणि तिला सांगू नका. भिंगरी म्हणजे तुम्हीच ना?"

तिने मान हलवली. त्या नावाने हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. 'मला साधीच द्या हो' असं तिला म्हणायचं होतं, पण ती पेटी छातीशी धरून डोळे पुसू लागली.

"अहो ताई, रडताय काय?" दुकानदार समजुतीने हसला. "भाऊ असावा तर असा. आता अगदी निर्धास्त राहा. पाच वर्षं तरी त्यांना फोन करायची वेळ यायची नाही."