राणीचा आवाज

कॉस्प्लेच्या, म्हणजे पात्राचा वेश करून प्रसंग सादर करायच्या, स्पर्धेत संवाद आधी रेकॉर्ड करून आणतात आणि मंचावर नुसते ओठ हलवतात. पोलंडमधल्या पोझनानच्या सभागृहात सूत्रसंचालकाने बोग्नाला विचारलं, “दोघी आहात ना? राणी कुठंय?”

“किंगा मार्चमध्ये वारली.” बोग्नाने फोमच्या चिलखताचा पट्टा आवळला. “तिचा आवाज आहे. तेवढ्यावर निभावेन.”

गोष्टीत मरायचं होतं ते बोग्नालाच. बाण लागून शिलेदार कोसळतो आणि राणी टाहो फोडते. बोग्ना कोसळली. रिकाम्या मंचावर किंगाचा आवाज घुमला, “मला एकटीला टाकून जाऊ नकोस रे!”

तालमीत नेमकं इथंच बोग्नाला हसू फुटायचं आणि किंगा चिमटा काढायची, “मेलेली माणसं हलत नाहीत, बावळट!”

आज ती हलली नाही.

विलाप संपला, तरी स्पीकर पुन्हा खरखरला. किंगा गेल्यापासून ते रेकॉर्डिंग ऐकायचा बोग्नाला धीरच झाला नव्हता. त्याचं शेपूट कापायचं राहून गेलं होतं.

“झालं गं बाई एकदाचं!” किंगा हसत म्हणाली. “ऊठ आता. पिरोगी गार होतायत.”

सभागृहात हशा पिकला. मंचावरचे दिवे मालवले, पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं, तरी शिलेदार उठला नाही.