वीतभर कमी

जागेश्वरनं गाडीच्या छताची आतली फळी मागच्या दारातून बाहेर काढली आणि दुकानासमोरच्या बाकड्यावर ठेवली. तिला चिकटवलेलं कापड सुटून पोटासारखं लोंबत होतं. एका टोकाला धरून ओढलं, तर सगळंच हातात आलं. आतल्या फोमची पिवळी भुकटी झाली होती. ती शेजारी उभ्या असलेल्या गाडीमालक घनश्यामच्या अंगावर उडाली. त्यानं झटकली नाही.

"तयार कापड लावून देतो, काकाजी. तासाभरात मोकळे."

घनश्यामनं पिशवीतून एक घडी काढली. घरच्या मागावरचा रेशमी कोसा होता, रंग न दिलेला.

"अरे बाप! गाडीले लुगडं नेसवता काय जी?"

"नेसव," घनश्याम म्हणाला. तो हसला नाही.

जागेश्वरनं कापड बोटांत चोळून पाहिलं. "पातळ आहे. गोंद वर येईन, डाग पडतीन. खाली नवा फोम द्या लागते."

"दे."

भुकटी झाडून, फोम बसवून झाल्यावर दोघांनी दोन टोकं धरून कापड फळीवर पसरलं. रुंदीला बरोबर बसलं. लांबीला वीतभर कमी पडलं. जागेश्वर ओढून पाहू लागला, तसा घनश्यामनं त्याचा हात धरला.

"तानू नको."

"मंग वीतभर अजून विनून आना ना. माग तर घरीच आहे तुमच्या. मी काय पळून चाललो?"

"कांड्या संपल्या."

"तर भरा. सूत नाही काय?"

"सूत आहे. पन ह्या कांड्या तिनं भरल्या होत्या."

जागेश्वरनं हातातला ब्रश खाली ठेवला. घनश्यामची बायको जानकीबाई गेल्याचं त्याला ठाऊक होतं. मातीला तोही गेला होता. आजारपणातही बरं वाटलं की ती चरख्याशी बसायची आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळून त्या टोपलीत ठेवायची. ती गेल्यावर घनश्यामनं त्याच कांड्यांवर हे कापड विणलं. शेवटच्या कांडीचं सूत संपलं आणि धोटा रिकामाच पलीकडे गेला, तिथं त्यानं कापड कापलं.

"बाजारचा तुकडा जोडून देतो, काकाजी. शिवन दिसनार नाही."

"जोड नको."

"फळी उघडी दिसन."

"दिसू दे."

जागेश्वरनं फळीकडे पाहिलं, मग गाडीकडे. "मागून चिकटवत आलो तर पुढं, तुमच्या डोक्यावर उघडं राहीन. पुढून धरलं तर मागं. मी म्हनतो पुढून धरू. मागं कोन बसते आता? एकटेच तर फिरता तुमी."

घनश्याम कापडावरची सुरकुती तळव्यानं सपाट करत राहिला.

"मागून लाव," तो म्हणाला. "नागपूरले दवाखान्यात नेत होतो, तवा ती मागच्या सीटवर निजून राहे. जाता-येता वरचं ते लोंबलेलं कापड. तिले तेवढंच दिसे."