तात्यांचंच बघा

"तात्या, तेवढं बाहेर जाऊन बाईंना समजावून या," अध्यक्ष म्हणाले आणि यादीतल्या एका नावावर त्यांनी आडवी रेघ ओढली.

तात्या उठले. गुडघे कुरकुरले, पण हे काम त्यांचंच होतं. डोंगराकडचं कोणी तिकीट मागायला आलं, की निवड समितीत आधी थोडं खाकरणं व्हायचं. मग कोणीतरी म्हणायचं, "माणूस चांगला आहे हो. पण तिकडचा माणूस निवडून येत नाही. तात्यांचंच बघा ना." आणि सगळे तात्यांकडे बघायचे. सव्वीस वर्षांपूर्वी तात्या उभे राहिले होते आणि पडले होते. मतदारसंघ अर्धा डोंगरावर, अर्धा खालच्या शहरात. पण तेव्हापासून मतं दोन्हीकडची आणि उमेदवार खालचा, हे ठरूनच गेलं होतं.

समितीतली खुर्चीही तात्यांना त्या पराभवानेच मिळवून दिली होती. नकार आपल्याच माणसाच्या तोंडून गेला, की आरडाओरडा होत नाही.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर नर्सबाई बसल्या होत्या. बाकाच्या एका पायाखाली जुन्या जाहीरनाम्यांची गड्डी सारलेली होती, तरी ते डुगडुगत होतं. बाईंचं माहेर डोंगरावरचं, पण नोकरीची सगळी वर्षं खालच्या शहरात गेली होती. तिथली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या शहरात त्यांना मतं पडणार नाहीत, असं आत ठरलं होतं.

"बसा तात्या," त्या सरकत म्हणाल्या.

तात्या बसले आणि त्यांनी सुरुवात केली. "बाई, तुमच्या कामाबद्दल दुमतच नाही. पण मी स्वतः उभा राहून पाहिलंय. अनुभवाचे बोल आहेत..." हे त्यांनी आजवर अकरा जणांना सांगितलं होतं. उसासा कुठे टाकायचा, तेही पाठ होतं. मागच्या वेळी तर एका वकिलाने उलट तात्यांचंच सांत्वन केलं होतं.

बाईंनी त्यांना उसाशापर्यंत पोचू दिलं. मग म्हणाल्या, "किती मतांनी पडलात?"

"अकराशे."

"मी होते त्या दिवशी. हॉस्पिटलसमोरच्या शाळेबाहेर, आपल्या टेबलावर. नवीन होते, उत्साह होता. टेबल होतं, झेंडा होता, माझ्यासोबतची चार माणसं आलीच नाहीत. दुपारी तुम्ही घामाघूम होऊन आलात आणि माझ्याकडे पाणी मागितलंत. आठवतं?"

तात्यांना आठवलं. लांब वेणीची एक मुलगी होती, एका हाताने मतदारांच्या याद्या धरून दुसऱ्या हाताने चिठ्ठ्या लिहीत होती. त्या दिवशी शहरातली सतरा टेबलं त्यांनी पालथी घातली होती आणि त्यांना तेवढं एकच माणूस भेटलं होतं.

"बाकीचे कुठे होते, तात्या?"

ती सगळी टेबलं आजच्या अध्यक्षांकडे होती. ताप आला, असा सकाळीच त्यांचा निरोप आला होता. सतरा टेबलांना एकदम ताप येत नाही, हे तात्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. आधी लाजेने ते बोलले नाहीत. पुढे खुर्ची मिळाली, मग खुर्चीसाठी बोलले नाहीत. सव्वीस वर्षं आपण त्या दिवसाचंच खातोय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

"मी इथेच बसते," बाई म्हणाल्या. "तेवढं आत विचारून या. उत्तर मिळालं, की तिकिटाचं नावही काढणार नाही."

तात्या आत आले.

"समजावलंत?" अध्यक्षांनी मान वर न करता विचारलं.

"त्यांनी एक विचारलंय." तात्या खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. "माझ्या निवडणुकीत खालच्या सतरा टेबलांवर मिळून आपलं एकच माणूस का होतं?"

कोणीतरी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तात्या, किती जुनी गोष्ट उकरताय!"

"जुनी आहे खरी. पण दर निवडणुकीला आपणच काढतो."

"पुढचं नाव घ्या," कोपऱ्यातून कोणीतरी घाईघाईने म्हणालं.

पुढचं नाव एका मास्तरांचं होतं. तेही डोंगराकडचे. पुन्हा थोडं खाकरणं झालं. "माणूस चांगला आहे हो," एकाने सुरुवात केली, आणि सवयीने सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या.

तात्या खाली बसले. "मी दमलोय," ते म्हणाले. "या वेळी तुमच्यापैकी कोणीतरी जा. बाई बाहेरच बसल्यात. जाताय तर त्यांनाही उत्तर देऊन या."

अध्यक्षांनी चष्मा चढवला, दाराकडे पाहिलं, मग समितीतल्या एकेकाकडे पाहिलं.

उठलं कोणीच नाही.