कान तुटलेला कप

"शी! आधी चूळ भर गं," मंदाकिनीबाई नाक मुरडत भांडी घासणाऱ्या चंद्रभागेला म्हणाल्या.

"चूळ भरली तर औषधच जाईल, बाई."

नवी किडनी टिकावी म्हणून बाईंची प्रतिकारशक्ती औषधांनी निजवली होती. ती संधी साधून अंगात दडलेल्या जुन्या विषाणूनं रक्ताचा कॅन्सर उभा केला. त्याला मारणाऱ्या पेशी आता दुसऱ्याच्या ताज्या लाळेतून मिळत, आणि अख्ख्या शहरात जुळली ती चंद्रभागेचीच.

वीस वर्षं तिच्यासाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप चंद्रभागेनं खिडकीतून काढला, त्यात दूध ओतलं आणि एक घोट घेऊन उष्टा कप बाईंपुढे केला.

बाईंना जगायचं होतं. नाक दाबून त्यांनी कप रिकामा केला.

"आता आपला आपण विसळून ठेवा," चंद्रभागा म्हणाली. "या घरातली रीतच आहे."