वेड पांघरून

सिद्धी म्हापशाहून कामावरून कोरगावच्या घरी परतली, की सोप्यावर वाट बघत बसलेली सासू तिच्या तोंडावरून हात फिरवायची. "दमलंस गो बाय," म्हणायची. आणि सिद्धी आंघोळ करून, गाऊन घालून स्वयंपाकाला लागली, की तीच सासू काठी घेऊन तिच्या अंगावर धावायची. "चोरटे, भायर सर," म्हणत चावायचीसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, दिवस कलला की असा बळावतो. नवऱ्याने, गौरेशने, मान डोलावली. त्याच्या पाठीत कधी काठी बसली नव्हती. सिद्धीला मात्र हे पटेना. एका आंघोळीपुरत्या वेळात माणूस माणसाला विसरतो होय? म्हातारी वेड पांघरून पेडगावला चाललीय, लग्नातल्या मानपानाचं जुनं उट्टं काढतेय, अशी तिची खात्रीच झाली होती.

आज तिने काठी वरच्या वर धरली. "आई, आता खरां सांगा. माझ्यार कसलो राग तुमचो?"

सासूने काठी सोडली आणि सिद्धीच्या अंगावरचा गाऊन दोन्ही मुठींत घट्ट पकडला. तिचे डोळे भरून आले होते.

"काढ तो. माझ्या सुनेचो तो. आता दमून येतली माझी सिद्धी, ती मगीर काय घालतली?"