कोरी चादर

“बाई, ही गाडी आहे की गळका नळ?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि आजूबाजूचे चार जण हसून घेतील एवढा वेळ ते थांबले. चौघंही हसले.

शाळेतल्या बाई गुडघे टेकून आपल्या गाडीखाली पांढरी चादर अंथरत होत्या. “गाडीच आहे, डॉक्टर. कालच कांदे-बटाटे आणले हिच्यातून.”

कांदे-बटाटे! डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. खरं तर दोघांच्या गाड्या सख्ख्या बहिणीच. पन्नाशी उलटलेल्या, विलायतेत बनलेल्या, दोनच सीटच्या, बसक्या, उघड्या टपाच्या. पण एकीच्या नशिबी राणीवसा आणि दुसरीच्या नशिबी धुणीभांडी. बाईंच्या गाडीचा लाल रंग विटला होता आणि सीटवर वह्यांच्या गठ्ठ्यांचे वळ उठले होते. डॉक्टरांची हिरवी गाडी पावसात कधी भिजलीच नव्हती. प्रदर्शनाला ती टेम्पोवर बसून यायची. मग चार माणसं तिला ढकलत जागेवर नेऊन ठेवायची आणि डॉक्टर मागून ओरडायचे, “रुमाल धरा हातात! घामट बोटं लावू नका!”

जुन्या गाड्यांच्या या मंडळाचा एक नियम होता. प्रत्येक गाडीखाली पांढरी चादर अंथरायची, दोन तासांनी ती काढायची आणि तेलाचे जितके डाग, तितके गुण कापायचे. या जातीच्या गाड्या गळतातच, आवळून आवळून किती आवळणार? डॉक्टरांची चादर मात्र पाच वर्षं कोरी निघत होती. पाचही वर्षांचे चषक त्यांच्या दवाखान्यात कवळ्यांच्या कपाटावर ओळीनं बसले होते.

“ज्याला दाढेचं मूळ कळतं, त्याला इंजिन काय जड?” असं ते पेशंटला सांगायचे. पेशंटच्या तोंडात त्यांचा हात असल्यामुळे कुणी वाद घालत नसे. पण इंजिन त्यांनी स्वतः बांधलं होतं, हे खोटं नाही. तीन वर्षं, दर रविवारी, एकेक पिस्टन, एकेक बेअरिंग. त्या इंजिनवर त्यांचा खरोखर जीव होता. माणसांवर तो फारसा नव्हता.

यंदा परीक्षक नवे होते. गॅरेजमध्ये चाळीस वर्षं काढलेले एक म्हातारे मेकॅनिक. डॉक्टरांची चादर त्यांनी उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि नीट घडी घालून ठेवली. बाईंच्या चादरीवर सात डाग निघाले. बाकी सगळ्यांचे दहाच्या वर होते.

“तर या दोन गाड्या उरल्या,” परीक्षक म्हणाले. “आता समोरच्या टेकडीला एकेक फेरी मारून आणा. गाडी आहे, चालवून बघायला नको?”

बाईंची गाडी आधी दोनदा खोकली, मग धूर सोडत निघाली, टेकडी चढली आणि उतरून परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “आली ठिबकत,” असं काहीतरी डॉक्टरांना म्हणायचं होतं, पण त्यांचं लक्ष टेकडीच्या चढावर होतं.

त्यांच्या गाडीत तेलच नव्हतं. दरवर्षी प्रदर्शनाच्या सकाळी ते इंजिनखालचा बोल्ट काढायचे, सगळं तेल घमेल्यात उतरवायचे आणि बोल्ट पुसून परत बसवायचे. जे नाहीच, ते गळणार कुठून? पण तेलाशिवाय हे इंजिन चढावर नेलं, तर आतलं लोखंड लोखंडावर घासून, तापून जाम होणार. तीन वर्षांचे रविवार तीन मिनिटांत संपणार. आणि ही गोष्ट मैदानावर फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं ते धरून चालले होते.

तेवढ्यात बाई पत्र्याचा डबा घेऊन जवळ आल्या. “ओता पटकन. मी आडोसा करून उभी राहते.”

“काय आहे हे?”

“तेल. पाच वर्षं आणतेय तुमच्यासाठी. म्हटलं, एखाद्या वर्षी कुणीतरी चालवायला सांगेलच.”

“म्हणजे तुम्हाला...”

“सगळ्यांनाच माहीत आहे, डॉक्टर. बोलत नाहीत, एवढंच.”

डॉक्टरांचे कान तापले. मघाशी हसलेले ते चार जण नेमके कुणाला हसले होते, हे त्यांना आत्ता कळलं. डबा घेतला तर इंजिन वाचणार होतं. गाडी बिघडलीय म्हटलं, तरी वाचणार होतं. त्यांनी डब्याच्या कडीवरच्या बाईंच्या बोटांकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस होतं. या हातांनी दिलेलं घ्यायचं?

“माझी गाडी गळत नाही, बाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि त्यांनी स्टार्टर दाबला.

पहिल्या वळणापर्यंत गाडी झकास गेली. तेलाचा काटा शून्यावर पडून होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्या वळणावर आतून बारीक ठकठक सुरू झाली, मग ती वाढली. स्वतःच्या हातांनी बसवलेली बेअरिंगं जात होती, आणि कुठलं गेलं हेही त्यांना आवाजावरून ओळखता येत होतं. तिथंच थांबले असते, तर अजून थोडंफार वाचलं असतं. पण त्या वळणावरून सगळं मैदान दिसत होतं, म्हणजे मैदानावरून तेही दिसत असणार. त्यांनी पाठ ताठ केली, पाय आणखी दाबला आणि जिंकल्यासारखा हात उंच हलवला.

खाली कुणीच वर बघत नव्हतं. बाई आपल्या गाडीच्या मागे ओढायचा दोर बांधत होत्या.